ब्राउझर चालतो, पण अपडेट होत नाही: ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’

मलप्रभेकाठी · सोमवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार जुने डेस्कटॉप ठेवलेत. संध्याकाळी पोरं येतात, मराठी टायपिंग शिकतात, परीक्षांचे फॉर्म भरतात. चारही मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे उबुंटू २२.०४ आहे. व्हायरसची कटकट नको म्हणून ते घातलं आणि आजवर सुरळीत चाललं.

हल्ली एक पंचाईत झालीय. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ (सॉफ्टवेअरची यादी ताजी करणारी कमांड) दिलं की ते शून्य टक्क्यांवर बराच वेळ घुटमळतं आणि मग ओळीमागून ओळ येते: ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग इन डॉट आर्काइव्ह डॉट उबुंटू डॉट कॉम’. शेवटी सांगतं की काही इंडेक्स फायली उतरल्या नाहीत, जुन्याच वापरल्या. गंमत म्हणजे त्याच मशीनवर फायरफॉक्स मस्त चालतो. व्हिडिओ दिसतात, फॉर्म जातात. म्हणजे नेट आहे. मग अपडेटलाच काय धाड भरलीय?

मध्यंतरी जुनं केबलवाल्याचं कनेक्शन सोडून फायबर घेतलं, एवढाच काय तो बदल. मशीनं बसवून दिली गावातल्याच एका मुलाने. तो आता पुण्याला नोकरीत आहे, फोन लागला तर लागला. मला टर्मिनलमध्ये कमांड चिकटवता येते, त्यापलीकडे फार गती नाही. कुणी वाट दाखवेल का?

तंबाखूची_वखार · ११:२२

टेम्पररी म्हणतंय ना ताई, मग थांबा की थोडं. आमच्या निपाणीत टेम्पररी म्हणून घातलेले पत्र्याचे शेड नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकलेत.

खडेबाजार · ११:४०

कशाला एवढं डोकं खाऊन घेऊलालासा ओ ताई. ईटीसी फोल्डरात रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ म्हणून फाइल हाय बघा. ती उघडा, ‘नेमसर्व्हर ८.८.८.८’ लिवा, सेव्ह करा, विषय संपला. गूगलचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर हाय तो, २००९ पासून चालूच हाय. आमच्या दुकानात सगळ्या मशीनला मी तेच घातलोय.

विंडोजच_बरी · ११:५१

एवढ्या खटपटीपेक्षा विंडोज टाका आणि मोकळे व्हा.

उद्यमबागी · दुपारी १२:३०

@विंडोजच_बरी, विंडोजला हे दुखणं होत नाही असं कुणी सांगितलं? विंडोज अपडेटमध्ये ०एक्स८०२४४०२सी हा एरर बघितलाय का कधी? त्याचा अर्थ नेमका हाच, सर्व्हरच्या नावावरून पत्ता सापडला नाही.

@मलप्रभेकाठी ताई, माझा अनुभव सांगतो. आमच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं एक मशीन लिनक्सवर आहे. त्यावर असंच ‘टेम्पररी फेल्युअर’ यायचं. सगळे जण राउटर बंद-चालू करून दमले. शेवटी एका पोराने एरर नीट वाचला. त्यात उबुंटूचं नाव नव्हतंच! ‘रिझॉल्व्हिंग’च्या पुढे प्रॉक्सी सर्व्हरचं नाव होतं. पूर्वी ऑफिसात प्रॉक्सी होती, म्हणजे सगळं नेट ज्यातून जायचं तो मधला सर्व्हर, ती काढून टाकली, पण ईटीसी, ॲप्ट, ॲप्ट डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरात तिची एक ओळ तशीच पडून राहिलेली. ॲप्ट बिचारं त्या नसलेल्या प्रॉक्सीला शोधत बसायचं. ब्राउझरला त्या ओळीशी घेणंदेणं नाही, म्हणून ब्राउझर चालायचा.

तेव्हा एररमध्ये नाव कुणाचं आहे ते आधी बघा. तुमच्याकडे उबुंटूचंच नाव दिसतंय, म्हणजे प्रॉक्सी नसावी. तरी ते फोल्डर एकदा उघडून बघायला काही बिघडत नाही.

पॅचकॉर्ड · १:०५

खडेबाजार, उपाय आधी आणि तपास मागाहून असं नको. तुमचा ८.८.८.८ कदाचित लागूही पडेल, पण बिघाड कुठे होता ते कळणार नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा हाच धागा वर येईल.

ताई, तीन गोष्टी करून इथे उत्तर टाका. मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकायचं.

पहिलं, ‘पिंग १.१.१.१’. हा थेट आकडी पत्ता आहे, इथे नाव शोधायचा प्रश्नच येत नाही. उत्तरं यायला लागली तर तार, राउटर, फायबर सगळं ठीक. कंट्रोल-सी दाबून थांबवा.

दुसरं, ‘गेटेंट होस्ट्स’ आणि एक जागा सोडून एररमधलं ते नाव. एनएसलुकअप किंवा डिग मी मुद्दाम सांगत नाहीय. ते परस्पर सर्व्हरला विचारतात, होस्ट्स फाइल वगैरे बघत नाहीत. ॲप्ट ज्या वाटेने नाव शोधतं त्याच वाटेने गेटेंट जातं.

तिसरं, ‘एलएस वजा एल’ आणि पुढे खडेबाजार म्हणाले त्याच फाइलीचा पूर्ण पत्ता. ओळीचं पहिलं अक्षर एल आहे की नुसती आडवी रेघ, तेवढं सांगा.

बाकी ‘टेम्पररी’ या शब्दाला फसू नका. नाव अस्तित्वातच नसेल तर ॲप्ट ‘कुड नॉट रिझॉल्व्ह’ म्हणतं. ‘टेम्पररी’ म्हणजे ज्याला विचारलं त्याच्याकडून कामाचं उत्तरच आलं नाही. आणि तो जो बराच वेळ थांबतो ना, तोही पुरावाच आहे. एका सर्व्हरसाठी ५ सेकंद वाट बघायची, मग पुन्हा विचारायचं, असा तो हिशोब असतो. लगेच नकार आला असता तर एवढं थांबायचं कारण नव्हतं.

रोमातला_एक · १:२०

ॲप्टच्या एररांचा विषय निघालाच आहे तर: नाव शोधताना कुठल्याच साच्यात न बसणारी गडबड झाली की ॲप्ट चक्क ‘समथिंग विकेड हॅपन्ड’ असं लिहितं. खोटं वाटेल, पण खरं आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मशीनला कुणी करणी केली की काय असं वाटलेलं.

तंबाखूची_वखार · १:२४

लिंबू-मिरची यूएसबीला लावायची की एचडीएमआयला?

शिनोळी_फाटा · ३:१५

आमच्याकडे याच्याच जवळचा, पण वेगळा प्रकार होतो, तो लिहून ठेवतो. मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. आमचं घर अशा जागी की उठून स्वयंपाकघरात गेलं तर महाराष्ट्राचा टॉवर, पडवीत आलं तर कर्नाटकाचा. नेट दोन्हीकडे येतं. पण अपडेट मात्र कधी कधी ‘कनेक्टिंग टू’ वर जाऊन अडकतं आणि कंसात आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता दिसतो, कोलनच कोलन.

तिथे नाव सापडलेलं असतं. पत्ता मिळालाय, पण त्या पत्त्याकडे जायची वाट बंद. त्यावर उपाय म्हणजे ॲप्टला ‘फोर्स आयपीव्ही४’ करायला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या छोट्या पत्त्यांनीच जायला सांगणं. कमांडमध्ये वजा छोटा ओ, मग अक्वायर, दोन कोलन, फोर्सआयपीव्ही४, बरोबरचं चिन्ह आणि ट्रू, हे सगळं एका दमात, आणि मग अपडेट. चाललं तर कायमची ओळ कॉन्फिग फाइलीत घालायची. ताईंचा एरर हा नव्हे, पण शोधत येणाऱ्याला उपयोगी पडेल.

गडहिंग्लजकर · ३:४०

दोन राज्यांच्या टॉवरवरून आठवलं. १ नोव्हेंबर २०१४ पासून तुमच्या शहराला बेळगावी म्हणून हाक मारली काय नि बेळगाव म्हणून मारली काय, पोचतं त्याच पत्त्यावर. डीएनएसमध्ये याला सीनेम म्हणतात. ह. घ्या.

तंबाखूची_वखार · ३:४४

पण भावा, कॉम्प्युटर डीएनएसला विचारायच्या आधी स्वतःची होस्ट्स फाइल वाचतो. आमच्या घरच्या होस्ट्स फाइलीत बेळगावच आहे.

खडेबाजार · ३:५०

एक नंबर बे!! 😂

संपादक_मंडळ · ४:३०

सीमाप्रश्नावरचे धागे वेगळ्या विभागात आहेत. इथे डीएनएसवरच राहावे. वरचे दोन विनोद ठेवले आहेत, तिसरा काढला आहे.

मलप्रभेकाठी · सायंकाळी ६:५०

सगळ्यांचे आभार. पोरांनी गराडा घातलाय, म्हणून भराभर लिहिते.

पिंग १.१.१.१ ला उत्तरं येतात, भराभर.
गेटेंट काहीच बोलत नाही. थोडा वेळ थांबतं आणि पुन्हा रिकामी ओळ.
एलएसच्या ओळीत पहिलं अक्षर आडवी रेघ आहे.

खडेबाजार दादांचा उपायही करून बघितला. नॅनोमध्ये फाइल उघडली. आत एकच नेमसर्व्हर आहे, कुठला तरी आकडा, ओळखीचा नाही. तो बदलून सेव्ह करायला गेले तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. सुडो लावूनसुद्धा! मालकालाच घरात शिरू देईनात, असं झालंय.

उद्यमबागींनी सांगितलेलं फोल्डरही बघितलं, प्रॉक्सीचं काही दिसलं नाही.

खडेबाजार · ७:०२

सुडोला पण नाही म्हणूलालंय? हे कायतरी नवीनच हाय.

निवृत्त_मास्तर · ७:४५

पॅचकॉर्ड येईपर्यंत थोडं अवांतर. पोरं गराडा घालून बसलीच आहेत तर त्यांना हे सांगा, ताई.

डीएनएस यायच्या आधी आंतरजालावरच्या, म्हणजे तेव्हाच्या अर्पानेटवरच्या, सगळ्या मशीनांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत. तिचं नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेतलं माहिती केंद्र ती सांभाळत असे आणि त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवं मशीन जोडलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार, मग बाकीच्यांनी नवी फाइल उतरवून घ्यायची. मशीनं वाढत गेली तसं हे झेपेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडणारे आरएफसी (आंतरजालाचे तांत्रिक दस्तऐवज) ८८२ आणि ८८३ लिहिले. कामाची वाटणी झाली, ज्याचं नाव त्याने आपल्या आपल्या सर्व्हरवर सांभाळायचं. १९८७ मध्ये १०३४ आणि १०३५ हे सुधारित आरएफसी आले आणि मूळ रचना अजून तीच आहे.

वखारवाल्यांनी थट्टेत सांगितलं ते शास्त्रोक्त आहे. ती जुनी होस्ट्स फाइल आजही प्रत्येक मशीनवर ईटीसी फोल्डरात आहे आणि सहसा तीच आधी वाचली जाते. अडीअडचणीला उबुंटूच्या सर्व्हरचा आकडी पत्ता तिच्यात लिहूनही अपडेट होईल. पण तो मार्ग धरू नका. पुढे सर्व्हरचा पत्ता बदलला की तुमची नोंद शिळी, आणि तोवर आपण ती केली होती हेच कुणाला आठवत नसतं.

पॅचकॉर्ड · रात्री ९:२०

ताई, सापडलं असं वाटतंय. मास्तरांच्या शेवटच्या वाक्यातच ते आहे.

तुमच्या उबुंटूमध्ये रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही खरी फाइल नसतेच मुळी. ती नुसता दुवा असते, म्हणून एलएसमध्ये पहिलं अक्षर एल यायला हवं. तो दुवा सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाच्या सेवेच्या फाइलीकडे जातो. त्या फाइलीत १२७.०.०.५३ हा पत्ता असतो, म्हणजे ‘बाहेर कुठे जाऊ नका, इथल्या इथे या सेवेला विचारा’. मग ती सेवा राउटरने जो डीएनएस दिला असेल त्याला विचारते. कनेक्शन बदललं, राउटर बदलला, तरी सगळं आपोआप जुळतं.

तुमच्याकडे कुणीतरी तो दुवा काढून साधी फाइल ठेवली, तिच्यात हाताने एक पत्ता लिहिला आणि पुसला जाऊ नये म्हणून फाइलीला कुलूप घातलं. माझा कयास असा की तो पत्ता तुमच्या जुन्या केबलवाल्याच्या डीएनएसचा आहे. असे सर्व्हर साधारणपणे आपल्याच गिऱ्हाइकांना उत्तर देतात. तुम्ही आता फायबरवर, त्यांच्या लेखी परक्या. म्हणून तो गप्प, आणि म्हणून तुमचं ‘टेम्पररी’.

कुलूप बघायचं तर ‘एलएसएटीटीआर’ आणि पुढे फाइलीचा पत्ता. आडव्या रेघांच्या रांगेत एक आय दिसेल. आय म्हणजे इम्युटेबल, रूटलाही (सगळे अधिकार असलेल्या खात्यालाही) बदलता येत नाही. आणखी एक खूण बघा, ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ दिलं की वरच रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ मोड अशी ओळ येते. ती ‘स्टब’ असायला हवी, तुमच्याकडे ‘फॉरेन’ दिसेल.

आय असेलच तर पुढे क्रमाने: ‘सुडो सीएचएटीटीआर वजा आय’ आणि फाइलीचा पत्ता, कुलूप निघालं. मग ‘सुडो एमव्ही’ने फाइलीचं नाव बदलून तिच्यापुढे ‘जुनी’ असं काही लावा. सरळ उडवू नका, आतला पत्ता बघायला लागेल. मग ‘सुडो एलएन वजा एस’, त्यापुढे स्लॅश रन, स्लॅश सिस्टमडी, स्लॅश रिझॉल्व्ह, स्लॅश स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ, एक जागा सोडून स्लॅश ईटीसी, स्लॅश रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ. शेवटी ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड’. आणि पुन्हा गेटेंट.

चोर्ल्याचं_धुकं · ९:३८

सगळं पटलं, पण एक राहिलं की. फायरफॉक्स कसा चालत होता? त्यालाही नावं शोधावीच लागतात ना? डीएनएस मेलेला असेल तर ब्राउझरही मरायला हवा. कुलूप वगैरे असेलही, पण कारण हेच असेल याची मला खात्री नाही.

पॅचकॉर्ड · ९:५५

रास्त शंका. फायरफॉक्सला स्वतःचा वेगळा डीएनएस वापरता येतो, एचटीटीपीएसमधून. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या पानावर अगदी खाली. तो चालू असेल तर ब्राउझर सिस्टिमला विचारत बसत नाही.

चोर्ल्याचं_धुकं · १०:०१

तरी अडतंय. त्या एचटीटीपीएसवाल्या सर्व्हरलासुद्धा नाव असणारच. ते नाव कोण शोधून देणार? तोच मेलेला डीएनएस?

पॅचकॉर्ड · १०:१०

मजा आणलीत. तिथे ‘कस्टम’ निवडून नावाऐवजी १.१.१.१ असा आकडीच पत्ता घातलेला असेल तर काहीच शोधावं लागत नाही. क्लाउडफ्लेअरची ती सेवा २०१८ च्या १ एप्रिलला सुरू झाली आणि तिचं प्रमाणपत्र त्या आकडी पत्त्यालाही लागू आहे, त्यामुळे ब्राउझर कुरकुर करत नाही. ताई, तेवढं बघून सांगाल का? नसेल तर माझी मांडणी कोसळली.

उद्यमबागी · १०:१४

🍿

मलप्रभेकाठी · मंगळवार, दुपारी १२:४०

पॅचकॉर्ड दादा, नमस्कार घ्या!

एलएसएटीटीआरमध्ये आय होता. रिझॉल्व्हसीटीएलमध्ये ‘फॉरेन’ होतं. फायरफॉक्समध्ये कस्टम, आणि तिथे एचटीटीपीएस, १.१.१.१, डीएनएस-क्वेरी असं लिहिलेलं होतं. तुम्ही न बघता सांगितलंत.

सकाळी एका मशीनवर तुमचा क्रम केला. गेटेंटला आकडे आले, तेही एकाखाली एक बरेच. ॲप्ट अपडेट धडाधड सुटलं. मग तेच बाकीच्यांवर. तीन मशीनं उतरवून घेतायत, नवव्या इयत्तेतली एक मुलगी पडद्यासमोर बसून टक्के वाचतेय.

पुण्याच्या मुलाचाही फोन लागला शेवटी. तेव्हा केबलवाल्याचा राउटर सारखा अडायचा, म्हणून त्याने डीएनएस हाताने लिहिला होता. तो दर वेळी पुसला जायचा म्हणून कुलूप. ब्राउझरचं मात्र त्याने नंतर कधीतरी केलं, कशासाठी ते त्यालाही आठवेना.

चौथं मशीन अजून रुसलंय. तिथे नाव सापडतं, पण ॲप्ट म्हणतं ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’. हे आणि काय?

खडेबाजार · १२:४८

त्या मशीनची तारीख बघा की ओ.

मलप्रभेकाठी · १२:५५

मागची आहे! बरीच मागची. ते मशीन कपाटात ठेवलेलं असतं, गर्दी झाली की काढतो.

खडेबाजार · १:०३

मग काय. मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर२०३२ म्हणून मागा, बटणासारखा गोल. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं पण मिळतंय. लाइट गेली की त्याची तारीख मागं जाऊलाली असणार. आता ॲप्टला वाटूलालंय की फाइल उद्याची हाय, म्हणून घेईना.

पॅचकॉर्ड · १:३०

खडेबाजारांना शंभर टक्के अनुमोदन. त्यात भर एवढीच: एरवी सेल गेला तरी उबुंटू नेटवरून वेळ जुळवून घेतं. त्यासाठी त्याला एनटीपी डॉट उबुंटू डॉट कॉम शोधावं लागतं. डीएनएस बंद, म्हणजे वेळेचा सर्व्हर सापडत नाही, म्हणजे घड्याळ मागेच. आता डीएनएस सुरू झालाय, तेव्हा नेट जोडून मशीन थोडा वेळ चालू ठेवा, आपोआप जुळेल. नाहीच जुळलं तर ‘टाइमडेटसीटीएल’ देऊन बघा, वेळ जुळल्याचं तिथे दिसतं. सेल मात्र बदलाच.

हॉस्टेलचा_डबा · ४:१०

उशिरा येतोय. खडेबाजार काकांच्या ८.८.८.८ बद्दल. मी बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. आमच्या वसतिगृहाच्या नेटवर ५३ नंबरचं पोर्ट, म्हणजे डीएनएसची विचारणा ज्यातून जाते ते, बाहेर जाऊच देत नाहीत. तिथे ८.८.८.८ घातलं की असलेलं नेटही जातं. राउटर जो डीएनएस देतो तोच वापरावा लागतो, आणि वर ब्राउझरमध्ये आधी लॉगिनचं पान भरावं लागतं. तोवर ॲप्ट ‘टेम्पररी’च म्हणत राहतं. त्यामुळे ‘सगळीकडे ८.८.८.८’ हा मंत्र सगळीकडे चालत नाही.

खडेबाजार · ४:२२

हॉस्टेलचं सोडा की. दुकानात चालतंय, घरात चालतंय, अजून काय पायजे.

उद्यमबागी · ५:००

चालतं हो, पण घालायची जागा बघून घाला. प्रत्येक मशीनच्या फाइलीत लिहिण्यापेक्षा राउटरमध्ये एकदाच लिहा, सगळ्यांना आपोआप मिळतो. मशीनवरच हवा असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, आयपीव्ही४ च्या टॅबवर डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करून तिथे लिहा. पुढचा माणूस तिथेच बघायला जातो. ईटीसीतल्या कुलूपबंद फाइलीत कोण कशाला डोकावतंय.

मी स्वतः ऑपरेटरचाच डीएनएस ठेवतो. जवळचा असतो, उत्तर पटकन येतं. तो अडायला लागला तर ९.९.९.९, म्हणजे क्वाड९. घातक म्हणून ठाऊक असलेली नावं तो अडवतो. वर्कशॉपमधली पोरं काय काय उघडतात ते मला माहीत आहे.

निवृत्त_मास्तर · ५:३५

वाचनालयासाठी मीही क्वाड९ च्याच बाजूने. फक्त आता ब्राउझरमधलं ते कस्टम काढून टाका, ताई, नाहीतर राउटरमध्ये काहीही लिहिलं तरी फायरफॉक्स परस्परच जात राहील. आणि पुढे पुन्हा डीएनएस गेला तर या वेळेसारखाच ब्राउझर चालत राहून सगळ्यांना चकवेल.

चोर्ल्याचं_धुकं · ५:५०

मास्तरांशी असहमत. ब्राउझरमधला एचटीटीपीएसवाला डीएनएस वाटेत कुणाला वाचता येत नाही, साधा डीएनएस उघड्यावर जातो. मुलं परीक्षांचे फॉर्म भरतात, आधार नंबर टाकतात. असू दे की तो.

निवृत्त_मास्तर · ६:०५

फॉर्ममधली माहिती त्या संकेतस्थळाच्या एचटीटीपीएसमुळे आधीच झाकलेली असते, डीएनएसमध्ये फक्त संकेतस्थळाचं नाव दिसतं. तरी तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. ठेवायचा असेल तर ठेवा, पण तसं कुठेतरी लिहून भिंतीवर चिकटवा.

मलप्रभेकाठी · ७:१५

चौथ्या मशीनचं घड्याळ आपणहून जुळलं आणि अपडेटही सुरू झालं. सेल उद्या खानापूरच्या बाजारात बघते. ब्राउझरचं कस्टम काढलं, राउटरमध्ये ९.९.९.९ लिहून घेतलं. राउटरचा पासवर्ड फायबरवाल्याकडून मिळवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

पॅचकॉर्ड दादा, कधी इकडे आलात तर वाचनालयात यायचं. खडेबाजार दादांनाही आमंत्रण, येताना कुंदा आणायचा.

खडेबाजार · ७:२०

आणतो की. पण ८.८.८.८ ला नाही म्हणालासा ते ध्यानात ठेवतो.

विंडोजच_बरी · रात्री १०:४५

@उद्यमबागी, तो ०एक्स८०२४४०२सी आज आमच्याकडे आला. क्रोम चालतो, विंडोज अपडेट नाही. काय करायचं?

तंबाखूची_वखार · १०:४७

उबुंटू टाका आणि मोकळे व्हा.

उद्यमबागी · ११:०५

वखारवाले, झोपा आता.

@विंडोजच_बरी, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस’ द्या आणि पुन्हा अपडेट करून बघा. तरी नाही झालं तर ‘नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’. तिथे ‘डायरेक्ट ॲक्सेस’ यायला हवं. कुठल्या तरी सर्व्हरचं नाव दिसलं आणि तुमच्याकडे खरोखर प्रॉक्सी नसेल, तर तीच कमांड ‘शो’च्या जागी ‘रीसेट’ घालून द्या. ब्राउझरची प्रॉक्सी वेगळी, ही वेगळी, म्हणून क्रोम चालतो. ऑफिसचं मशीन असेल तर रीसेट करायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा. आणि नाव काय दिसलं ते इथे टाका.